दोन रोमन, एक कांजी: स्क्रीनवरच्या घरांचा हिशोब

टेक्स्ट एडिटरमध्ये एक नवी फाइल उघडा. पहिल्या ओळीत रोमन 'एक्स' सलग २० वेळा टाइप करा आणि शेवटी उभी रेघ द्या. खालच्या ओळीत कोणतेही एक चिनी अक्षर १० वेळा चिकटवा आणि तिथेही उभी रेघ द्या. फॉन्ट मोनोस्पेस हवा, म्हणजे ज्यात 'आय' आणि 'डब्ल्यू' सारखीच जागा घेतात असा. रूढ नियमाप्रमाणे एक चिनी अक्षर दोन रोमन अक्षरांइतके रुंद धरतात, तेव्हा दोन्ही रेघा एकाखाली एक यायला हव्यात. बऱ्याच संगणकांवर त्या येत नाहीत. खालची रेघ डावीकडे सरकलेली दिसते, आणि ओळ जितकी लांब तितकी ती अधिक सरकते.

मला हा दोष क्षुल्लक वाटत नाही. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये तक्ता असतो तेव्हा त्याचे रकाने केवळ अक्षरांच्या रुंदीवर उभे असतात. जपानी शब्द आणि त्यांचे रोमन उच्चार शेजारी शेजारी लिहिणाऱ्याचा, कोडमध्ये चिनी भाषेत टिपणे ठेवणाऱ्याचा सगळा आधार तोच असतो. रुंदी चुकली की तक्ता वाचताच येत नाही.

'एकाला दोन' हा नियम आला कुठून? मोनोस्पेस अक्षरे टाइपरायटरची देणगी. कळ कोणतीही दाबा, गाडा तेवढाच सरकणार. आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रपत्रावर ८० स्तंभ होते, आणि पुढे टर्मिनलच्या, म्हणजे संगणकाला जोडलेल्या नुसती अक्षरे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरही ८० अक्षरांची ओळ रुळली. पडदा म्हणजे जणू चौकटीचा कागद, प्रत्येक घरात एक अक्षर. रोमन अक्षराला ८ पिक्सेल रुंद आणि १६ पिक्सेल उंच घर पुरते. जपानी लिखाणातली कांजी, म्हणजे चिनी मुळाची अक्षरे, त्यात मावत नाहीत. एकेका अक्षरात पंधरा-वीस रेघा असतात आणि त्याचा साचा मुळातच चौरस. म्हणून त्याला १६ बाय १६ ची जागा दिली गेली, म्हणजे बरोबर दोन घरे. १९८२ साली आलेल्या एनईसीच्या पीसी-९८०१ या संगणकाचा पडदा ६४० बाय ४०० पिक्सेलचा होता. त्यावर एका ओळीत ८० रोमन अक्षरे किंवा ४० कांजी बसत, आणि अशा २५ ओळी मावत. कुठे एक पिक्सेलही उरत नसे.

संकेतांची, म्हणजे संगणक अक्षरांना जे क्रमांक देतो त्यांची, व्यवस्थाही याला साजेशी होती. १९७८ च्या 'जिस सी ६२२६' या जपानी मानकात ६,३४९ कांजी होत्या. एवढी अक्षरे एका बाइटमध्ये मावणे शक्य नव्हते, म्हणून प्रत्येकीला दोन बाइट. पुढे शिफ्ट-जिस या संकेतपद्धतीत रोमन अक्षर एक बाइट आणि एक घर, कांजी दोन बाइट आणि दोन घरे, असे समीकरण जमले. काताकाना लिपीची अरुंद रूपेसुद्धा एक बाइट आणि एक घर. बाइट मोजले की घरे आपोआप मोजली जात. जपानीत अर्ध्या रुंदीला 'हानकाकु' आणि पूर्ण रुंदीला 'झेनकाकु' म्हणतात, आणि हे शब्द तिथल्या संगणक वापरणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत.

युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांसाठी एकच सामाईक संकेतयादी, आले आणि ही सोय गेली. युनिकोडचे संकेत बाइटमध्ये मांडायच्या, आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत नेहमीच्या वापरातली कांजी तीन बाइट घेते, ग्रीक अल्फा दोन, रोमन 'ए' एक. बाइटवरून रुंदी कळण्याचा मार्ग उरला नाही. म्हणून युनिकोडने प्रत्येक अक्षराला 'पूर्व आशियाई रुंदी' नावाचा एक गुणधर्म जोडला. त्याचे सहा वर्ग आहेत. त्यातल्या पाच वर्गांशी फारसे भांडण नाही. कांजी आणि कोरियन हांगुल रुंद, साधी रोमन अक्षरे अरुंद, आणि जुन्या संकेतांतून आलेल्या अर्ध्या-पूर्ण रूपांसाठी वेगळे वर्ग. खरी मेख 'संदिग्ध' नावाच्या वर्गात आहे.

जपानच्या त्या १९७८ च्या मानकात ग्रीक आणि रशियन अक्षरेही होती, आणि दोन बाइटची असल्यामुळे ती पडद्यावर दोन घरे घेत. बाकीच्या जगात हीच अक्षरे एका घरात राहत होती. युनिकोडला दोन्हीकडचा जुना मजकूर सांभाळायचा होता, त्यामुळे अल्फा, अंशाचे चिन्ह, गुणाकाराची फुली, वर्तुळातले अंक, तक्त्याच्या चौकटी काढायच्या रेघा या सगळ्यांना 'संदर्भ पाहून ठरवा' असे लेबल लागले. पण एडिटरने संदर्भ पाहायचा कुठे? विम या एडिटरमध्ये त्यासाठी 'अँबिविड्थ' नावाची सेटिंग आहे: संदिग्ध अक्षर एका घराचे धरायचे की दोन, ते वापरणाऱ्यानेच सांगायचे. माझ्या मते हा प्रामाणिक मार्ग आहे, कारण इथे यंत्राने अंदाज बांधला तर तो कोणासाठी तरी चुकणारच.

विमसारखा एडिटर टर्मिनलच्या खिडकीत, म्हणजे त्या जुन्या पडद्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालतो तेव्हा अडचण आणखी वाढते. तिथे एडिटर स्वतः काहीच रेखाटत नाही. तो टर्मिनलला अक्षरे पाठवतो आणि कर्सर आता अमुक घरात असेल असे मनाशी धरून पुढचे काम करतो. कर्सर प्रत्यक्षात कुठे गेला, हे टर्मिनल आपणहून सांगत नाही. युनिक्स या संगणकप्रणालीच्या जगात एखादे अक्षर किती घरांचे हे सांगणारे 'डब्ल्यूसीविड्थ' हे फंक्शन आहे, आणि केंब्रिजच्या मार्कुस कून यांनी लिहिलेली त्याची मुक्त आवृत्ती असंख्य प्रोग्रॅममध्ये उतरली. मात्र एडिटरच्या पोटातली यादी एक आणि टर्मिनलच्या पोटातली दुसरी असेल, तर दोघांचा हिशोब तिथेच फाटतो. २०१६ च्या युनिकोड ९ मध्ये पुष्कळ इमोजी 'रुंद' वर्गात गेल्या, तेव्हा नेमके हेच दिसले. एक बाजू जुनी यादी वापरत होती, दुसरी नवी. अशा वेळी खोडलेल्या अक्षराचा अर्धा तुकडा पडद्यावर तसाच राहतो, आणि टाइप केलेले अक्षर कर्सरच्या एक घर पलीकडे उमटते.

ही झाली मोजण्यातली चूक. सुरुवातीच्या प्रयोगात मात्र मोजणी बरोबर असूनही रेघ सरकली होती, कारण तिथे चूक रेखाटण्यात आहे. फॉन्टमधली मापे 'एम' या एककात असतात. सुट्या खिळ्यांच्या छपाईत खिळ्याची जी उंची, तो एक एम. कांजीचा चौरस बरोबर एक एम रुंद असतो. कुरियरसारख्या मोनोस्पेस फॉन्टमधले रोमन अक्षर ०.६ एम असते. अशी दोन अक्षरे मिळून १.२ एम होतात आणि कांजी १ एमवरच थांबते. रोमन फॉन्टमध्ये कांजी नसतातच. एडिटर त्या दुसऱ्याच फॉन्टमधून उसन्या आणतो, आणि ते दोन फॉन्ट आखताना कोणी एकमेकांचे माप पाहिलेले नसते. १५ पिक्सेलच्या आकाराला रोमन जोडी १८ पिक्सेल, कांजी १५. दहा अक्षरांत ३० पिक्सेलची तूट.

उपाय सरळ दिसतो: कांजीचा फॉन्ट १.२ पट मोठा करायचा. इमॅक्स या एडिटरमध्ये ठरावीक फॉन्टला असा गुणक देता येतो. १५ पिक्सेलला तो चोख बसतो, १५ चे १८ होतात. पण आकार १४ केला की ०.६ एम म्हणजे ८.४ पिक्सेल. एडिटरने रुंदी पूर्ण पिक्सेलमध्ये धरली तर त्याचे ८ होतात आणि जोडीचे १६. तिकडे कांजीचे १६.८ चे १७. दर अक्षरामागे एक पिक्सेल जास्त, आणि १६ अक्षरांनंतर पूर्ण दोन घरांचा फरक. म्हणूनच या वाटेने जाणारे लोक फॉन्टचा आकार आवडीने निवडत नाहीत, गणित जमेल तो घेतात. शिवाय कांजी असलेल्या ओळी उंच होतात आणि पानावरच्या ओळींमधले अंतर कमी-जास्त दिसते.

दुसरी वाट फॉन्ट घडवणाऱ्यांची. एमएस गॉथिक या जपानी फॉन्टमध्ये रोमन अक्षरे ०.५ एमचीच काढलेली आहेत, त्यामुळे एकाला दोन हे प्रमाण जन्मजात जमते. किंमत अशी, की रोमन अक्षरे अंग चोरून उभी राहिल्यासारखी दिसतात. अडोबीने २०१५ मध्ये काढलेल्या सोर्स हान कोड जेपी या फॉन्टने रोमन अक्षराला दोन तृतीयांश एम दिला, म्हणजे तीन रोमन बरोबर दोन कांजी. डोळ्यांना ते सुखद वाटते, पण एक कांजी दीड घराची झाली आणि घरे मोजणाऱ्या टर्मिनलला दीड घर माहीतच नाही. तिसरी वाट घरे मोजणे सोडून पिक्सेल मोजण्याची. इमॅक्समध्ये मोकळ्या जागेलाही पिक्सेलमध्ये रुंदी देता येते, त्यामुळे प्रत्येक रकान्याची खरी रुंदी मोजून उरलेली जागा भरता येते. तक्त्यांसाठी मला हीच वाट सर्वांत बरी वाटते, फक्त ती फाइल दुसऱ्या एडिटरमध्ये उघडली की रेघा पुन्हा हलतात.

देवनागरीची गोष्ट तर याहून नाजूक आहे. 'स्त्री' हे एक अक्षर घ्या. युनिकोडमध्ये ते सहा संकेतांचे आहे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये त्याचे १८ बाइट होतात. कून यांच्या पद्धतीने मोजले तर हलन्ताला शून्य घरे, तीन व्यंजनांना तीन, आणि ही वेलांटी स्वतंत्र जागा घेणारी म्हणून तिला एक, अशी चार घरे. उकार आणि एक मात्रा मात्र शून्यात जमा. फॉन्टने जोडाक्षर नीट घडवले तर चार घरे लागतच नाहीत, मग उरलेली जागा रिकामी दिसते. टर्मिनलने प्रत्येक संकेत आपापल्या घरात बसवायचा हट्ट धरला, तर जोडाक्षरच तुटते आणि हलन्त उघडा पडतो. कांजीला निदान 'दोन घरे' हे सर्वमान्य उत्तर आहे. जोडाक्षराची रुंदी त्यातल्या संकेतांची बेरीज करून निघत नाही. फॉन्टने ते कसे घडवले, हे पाहिल्यावरच ती कळते.