चित्रीकरणोत्तर संस्करण, डिजिटल

चित्रीकरण संपल्यापासून चित्रगृहात दाखवण्याजोगी प्रत हाती येईपर्यंत चित्र व ध्वनी यांवर संगणकाच्या साहाय्याने होणारे सर्व संस्कार. व्यवसायात यालाच नुसते ‘पोस्ट’ म्हणतात. संकलन, दृश्यपरिणाम, रंगसंस्करण, डबिंग, फोली (पावले, कपडे यांसारखे आवाज चित्र पाहून नव्याने काढणे), ध्वनिमिश्रण व प्रतनिर्मिती ही त्याची अंगे होत. संकलनाची कला हा वेगळा विषय असल्याने येथे मुख्यतः चित्र व ध्वनी यांच्या तांत्रिक प्रवासाचा विचार केला आहे. हे दोघे चित्रीकरणाच्या वेळीच वेगळे होतात आणि अगदी शेवटी भेटतात.

फिल्मच्या काळात संकलक वर्कप्रिंट, म्हणजे निगेटिव्हवरून काढलेली कामापुरती प्रत, कापत असे. संकलन पक्के झाले की फिल्मच्या कडेवरील क्रमांक जुळवून मूळ निगेटिव्ह कापली जाई. त्यानंतर रंग दुरुस्त करण्यासाठी प्रयोगशाळेत तीनच कळी हाती असत : छपाईच्या लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाची तीव्रता. प्रत्येकीला १ ते ५० अंशांची मोजपट्टी होती. या पद्धतीत दुरुस्ती संपूर्ण चौकटीवर होई. गवत पिवळसर करायला जावे तर गवतात उभ्या असलेल्या माणसाचा चेहराही पिवळा पडे. डिजिटल तंत्राने नेमकी हीच अडचण दूर केली.

निगेटिव्ह आणि प्रदर्शनाची प्रत यांच्या मध्ये प्रयोगशाळेत इंटरपॉझिटिव्ह व इंटरनिगेटिव्ह अशा मधल्या प्रतींच्या दोन पिढ्या असत. त्यांची जागा संगणकातील फाइलीने घेतली, म्हणून तिला ‘डिजिटल इंटरमीडिएट’ किंवा ‘डीआय’ हे नाव पडले. आज छायांकन व प्रक्षेपण ही दोन्ही टोके डिजिटल असली, म्हणजे मधले असे काही उरले नसले, तरी नाव तेच आहे.

या प्रक्रियेतून गेलेला पहिला चित्रपट कोणता, याविषयी मतभेद आहेत आणि ते बरेचसे व्याख्येवर अवलंबून आहेत. कोडॅक कंपनीने १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘सिनिऑन’ ही यंत्रणा आणली. तिच्या साहाय्याने १९९३ मध्ये डिझ्नीच्या १९३७ सालच्या ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’चे पुनरुज्जीवन झाले. संपूर्ण चित्रपट ४के दर्जाला (चौकटीच्या रुंदीत सुमारे चार हजार बिंदू) स्कॅन करून, धूळ व ओरखडे काढून, पुन्हा फिल्मवर उतरवला गेला. तथापि हे जुन्या ॲनिमेशनपटाचे डागडुजीचे काम असल्याने काही लेखक ते हिशेबात धरत नाहीत. १९९८ च्या ‘प्लेझंटव्हिल’मध्ये एकाच चौकटीत कृष्णधवल व रंगीत भाग हवे होते, त्यामुळे बहुतेक चित्रपट संगणकातून गेला; पण तिथे हेतू दृश्यपरिणामाचा होता. लोकप्रिय लेखनात पहिलेपणाचा मान सहसा २००० सालच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ला मिळतो. छायालेखक रॉजर डीकिन्स यांना मिसिसिपीचा हिरवागार उन्हाळा वाळक्या, धुळकट पिवळ्या रंगात हवा होता, म्हणून अख्ख्या चित्रपटाचे रंगसंस्करण डिजिटल पद्धतीने करण्यात आले. हे काम २के दर्जाचे होते, म्हणजे सात वर्षांपूर्वीच्या कामापेक्षा बारकाव्याला कमीच. तेव्हा तंत्राचा उगम १९९३ मध्ये धरणे आणि छायालेखकाचे नेहमीचे हत्यार म्हणून त्याची सुरुवात २००० पासून मोजणे, हे अधिक सयुक्तिक वाटते.

सिनिऑन फाइलीची घडण पुढील सर्व पद्धतींवर छाप सोडून गेली. तीत प्रत्येक रंगाला १० बिट, म्हणजे १,०२४ पायऱ्या असतात. त्या प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसून लॉगरिथमिक असतात, कारण डोळ्याला उजेडातील वजाबाकी नव्हे तर गुणोत्तर जाणवते आणि निगेटिव्हची घनताही तशीच वाढते. काळ्याचा अंक ९५ व प्रमाण पांढऱ्याचा ६८५ ठरलेला होता. त्यावरच्या पायऱ्या खिडकीतून येणारे ऊन, दिव्याची ज्योत अशा झगझगीत भागांसाठी राखलेल्या. २,०४८ × १,५५६ बिंदूंची एक चौकट साधारण १२.७ मेगाबाइट भरते. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटाला सुमारे २.२ टेराबाइट लागतात. त्या काळच्या संगणकांना हा भार सहजी पेलवत नसे.

संकलनात डिजिटल यंत्रे १९८९ पासून, ॲव्हिड या संगणकीय संकलनयंत्राच्या आगमनानंतर, रुळू लागली. अशा यंत्रावर संकलित झालेल्या चित्रपटाला संकलनाचे ऑस्कर प्रथम मिळाले ते १९९६ च्या ‘द इंग्लिश पेशंट’साठी. संकलक वॉल्टर मर्च यांना त्याच चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणासाठीही पुरस्कारात वाटा मिळाला. दोन्ही कामे एका हाती असणे आजही विरळाच.

चित्रगृहात ध्वनी चित्राच्या आधी डिजिटल झाला. १९९० च्या ‘सिनेमा डिजिटल साउंड’ने फिल्मवरील जुनी ध्वनिपट्टीच काढून टाकली होती. डिजिटल वाचन अडखळले की मागे आधाराला काहीच नसे, आणि ही पद्धत टिकली नाही. पुढच्या तिन्ही पद्धतींनी जुनी पट्टी जागेवर ठेवून मोकळी जागा शोधली. डॉल्बी डिजिटलने (१९९२) छिद्रांच्या मधली जागा घेतली, एसडीडीएसने (१९९३) दोन्ही कडा घेतल्या, तर डीटीएसने (१९९३) फिल्मवर केवळ कालसंकेत छापून ध्वनी वेगळ्या सीडीवर ठेवला. त्यामुळे एकाच प्रतीवर जुनी पट्टी धरून चारही नांदू शकत.

ध्वनीच्या कामात संवाद, परिणाम व संगीत शेवटपर्यंत वेगळे ठेवतात. अन्य भाषेत डबिंग करताना संवाद तेवढे बदलतात. मिश्रण मोजून लावलेल्या खोलीतच होते. −२० डीबीएफएस (डिजिटल ध्वनीच्या कमाल पातळीपेक्षा २० डेसिबल खाली) पातळीचा पिंक नॉइज, म्हणजे चाचणीसाठीचा खरखराट, पडद्यामागील प्रत्येक ध्वनिवर्धकातून ८५ डेसिबल भरला पाहिजे, असा संकेत आहे.

वेगळे फिरलेले चित्र आणि ध्वनी जुळवण्याला ‘सिंक’ म्हणतात. त्यातला सर्वांत चिवट घोटाळा सेकंदाला २४ आणि २३.९७६ चौकटी या दोन गतींचा. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीसाठी प्रसारणाची गती एक हजारांशाने कमी करण्यात आली व ती खोड व्हिडिओच्या साधनांतून चित्रपटापर्यंत आली. ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने घेतलेल्या ध्वनीचे २४ च्या गतीला चौकटीमागे बरोबर २,००० नमुने बसतात, २३.९७६ ला २,००२. दोन नमुन्यांचा हा फरक कानाला मुळीच कळत नाही, पण वीस मिनिटांच्या रिळाच्या शेवटी तो १.२ सेकंद होतो : ओठ मिटलेले आणि वाक्य चालू. याचे निदान सोपे आहे. चूक पहिल्या चौकटीपासून अखेरपर्यंत सारखी असेल तर ध्वनी चुकीच्या जागी लावला आहे. वाढत जात असेल तर गती चुकली आहे. सुरुवातीची जागा तपासण्यासाठी चित्राच्या पहिल्या चौकटीच्या दोन सेकंद आधी एका चौकटीपुरता १,००० हर्ट्झचा ‘पिप’ ठेवतात. तो लीडरवरील (रिळाच्या आरंभीच्या उलट्या मोजणीच्या पट्टीवरील) २ या आकड्याशी जुळला की पुढे जायचे. पिप जुळला म्हणून रीळ जुळले असे मात्र नव्हे. रिळाच्या शेवटीही एक पिप ठेवतात तो गतीची चूक पकडण्यासाठीच.

प्रदर्शनाच्या प्रतीचे नियम २००२ मध्ये हॉलिवुडच्या मोठ्या स्टुडिओंनी मिळून स्थापलेल्या डीसीआय या संस्थेने ठरवले; पहिली संहिता २००५ ची. २,०४८ × १,०८० किंवा ४,०९६ × २,१६० बिंदू, रंगामागे १२ बिट, पडद्यावर ४८ निट (तेजाचे एकक) तेज आणि जेपेग २००० पद्धतीचे संक्षेपण (फाइल लहान करणे), सेकंदाला कमाल २५० मेगाबिट. म्हणजे २४ च्या गतीला एका चौकटीच्या वाट्याला १.३ मेगाबाइट. ध्वनीचे संक्षेपण करत नाहीत. २४ बिटांच्या सहा ध्वनिमार्गिका मिळून सेकंदाला जेमतेम ७ मेगाबिट होतात, तेव्हा त्यात काटकसर करून हाती काही लागत नाही. प्रदर्शनाच्या या ‘डीसीपी’ (डिजिटल सिनेमा पॅकेज) पुडक्यातही चित्र व ध्वनी निरनिराळ्या फाइलींतच असतात. कोणती फाइल कुठून वाजवायची हे एक छोटी यादी सांगते. म्हणूनच दुसऱ्या भाषेच्या आवृत्तीसाठी चित्र पुन्हा पाठवावे लागत नाही. २०१२ पासूनच्या डॉल्बी ॲटमॉसमध्ये १२८ पर्यंत ध्वनिमार्गिका असतात आणि आवाज कोणत्या ध्वनिवर्धकातून काढायचा याचा हिशेब चित्रगृहातील यंत्र जागेवर करते.

जतनाचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने २००७ च्या अहवालात ४के डिजिटल मूळप्रत सांभाळण्याचा वार्षिक खर्च १२,५१४ डॉलर, तर फिल्मचा १,०५९ डॉलर असा काढला होता. साठवण त्यानंतर पुष्कळ स्वस्त झाली असल्याने हे आकडे त्या काळापुरतेच घ्यावेत. तरी डिजिटल पद्धतीने पूर्ण झालेल्या चित्रपटाचे तीन रंग वेगळे करून ते तीन कृष्णधवल फिल्मवर उतरवून थंड कोठारात ठेवण्याची प्रथा काही स्टुडिओंनी पाळली आहे. कृष्णधवल फिल्ममध्ये उडून जाणारे रंगद्रव्य नसते, आणि ती वाचायला एक दिवा आणि एक भिंग पुरते.