काटा येणार की फूल?

कुंडीतली बोगनवेल हिरवीगार आहे, फांद्या हातभर वाढल्यात, पण रंगाचा पत्ता नाही? बहुधा झाडाचे लाड जास्त होतायत.

फांदी जवळून पाहा. पानाच्या बेचक्यात काटा दिसेल. फुलोराही नेमका तिथेच येतो, कारण दोन्ही एकाच कोंबाची रूपं. दिवस मोठा, पाणी आणि नत्र मुबलक, की त्या कोंबाचा काटा होतो. दिवस आखडला, मुळांना थोडी तहान लागली, की फुलोरा. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक वाढलं तर पारडं काट्याकडे झुकतं. म्हणूनच आपल्याकडे पावसाळ्यात ही वेल नुसती पाल्यावर जाते आणि दिवाळीनंतर रंगाला येते.

ज्याला आपण फूल म्हणतो ती खरं तर तीन छदं, म्हणजे रंगीत पानं. तिन्हींच्या आत एकेक नळीसारखं पांढरट फूल असतं, तेच खरं. छदांचा रंग बीटालेन या रंगद्रव्यांच्या गटातला. बीटाचा लालपणाही त्यातलाच. आपली गुलबक्षी हिच्याच कुळातली. मूळ मात्र दक्षिण अमेरिकेचं: फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ फिलिबेर कॉमर्सन यांनी 1767 मध्ये ब्राझीलमध्ये तिचे नमुने गोळा केले आणि नाव दिलं आपल्या सागरी मोहिमेच्या कप्तानाचं, बोगनव्हिल यांचं. पुरुषवेशात जहाजावर चढलेली कॉमर्सन यांची मदतनीस झान बारे हिच्या नावाची वेल झाली असती तर जास्त न्याय झाला असता, असं मला वाटतं.

पाच-सहा तास थेट ऊन हवंच. खिडकीतल्या उजेडावर भागत नाही. माती वरून दोन बोटं कोरडी पडली आणि शेंडे किंचित मलूल झाले, की भोकातून वाहेपर्यंत पाणी द्या. रोज पेलाभर शिंपडणं सर्वात वाईट. कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर घातल्याने निचरा वाढत नाही, उलट बारीक मातीतलं पाणी त्या थराच्या वरच अडून राहतं. भोकावर एक खापरी पुरे. युरिया नकोच. बहर ओसरला की छाटणी करा, कारण पुढचा फुलोरा नव्या फुटव्यांवर येतो.

कुंडी लगेच मोठी करू नका, मुळं दाटली की ही वेल जास्त फुलते. बदलायचीच झाली तर मातीचा गोळा अख्खा उतरवा; रोप पिशवीत असेल तर पिशवी ब्लेडने उभी चिरा. हिची मुळं बारीक आणि ठिसूळ असतात. झटकली की तुटतात.