मन्रो वेगळा, रूझवेल्ट वेगळा, किती वेळा सांगायचं

जळगावच्या अभ्यासिकेतली पोरं असोत नाहीतर रावेरला केळीच्या काट्यावर जगाचं राजकारण मिटवणारे आबा, सगळे एकच वाक्य फेकतात: मन्रो सिद्धांत म्हणजे अमेरिकेने शेजारच्या देशांत फौजा घालायचा परवाना. अरे भो, अमेरिकेचा अध्यक्ष मन्रो असं बोललाच नव्हता. ते बोलला नंतरचा अध्यक्ष रूझवेल्ट, तब्बल 81 वर्षांनी.

मन्रो तुम्हाला पाठ आहे म्हणून पटकन उरकतो. 2 डिसेंबर 1823, युरोपवाल्यांनो अमेरिका खंडांत नव्या वसाहती करू नका, आम्हीही तुमच्या भांडणात पडत नाही. दरारा तेव्हा कागदावरच होता, 1833 ला ब्रिटिशांनी दक्षिण अमेरिकेजवळची फॉकलंड बेटं घेतली तरी अमेरिकावाले गप्प.

आता खरी गोम. 1902 च्या डिसेंबरात व्हेनेझुएलाचं कर्ज थकलं म्हणून ब्रिटन, जर्मनी, इटलीने तिथल्या बंदरांना जहाजांचा वेढा घातला. प्रकरण हेगच्या लवादात गेलं आणि 1904 ला निकाल काय, तर ज्यांनी वेढा घातला त्यांचे पैसे आधी द्या! म्हणजे गुंडगिरी करणाऱ्याला पहिला नंबर. तिकडे कॅरिबियनमधलं डॉमिनिकन रिपब्लिकही कर्जात बुडालेलं, उद्या तिथेही युरोपची जहाजं येणार हे रूझवेल्टला दिसत होतं, म्हणून डिसेंबर 1904 मध्ये त्याने जाहीर केलं की शेजारी नीट वागले नाहीत तर पोलिसगिरी आम्ही करू.

गल्लीतलं उदाहरण घ्या. एकाचं कर्ज थकलंय, बाहेरचा सावकार दारात आलाय. मन्रो सावकाराला म्हणतो, गल्लीत पाय ठेवायचा नाही. रूझवेल्ट म्हणतो, तू नको येऊ, तुझी वसुली मीच करतो, आणि सरळ कर्जदाराच्या गल्ल्यावर जाऊन बसतो. बोट कोणाकडे दाखवलंय ते बघा ना, मन्रोचं युरोपकडे, रूझवेल्टचं शेजाऱ्यांकडे. एवढं कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

गल्ल्यावर बसणं ही नुसती उपमा नाही बरं का. 1905 पासून डॉमिनिकन कस्टमची वसुली अमेरिकन माणसांच्या हातात गेली, 45 टक्के तिथल्या सरकारला आणि 55 टक्के कर्ज देणाऱ्यांसाठी. पुढे तर फौजाच उतरल्या, हैतीत 1915 ते 1934, डॉमिनिकनमध्ये 1916 ते 1924. तोवर रूझवेल्ट खुर्चीवर नव्हता, अध्यक्ष विल्सन होता, पण वाट रूझवेल्टचीच.

काही गाईडांत रूझवेल्टच्या या घोषणेला 'मन्रोचा विस्तार' म्हणून एका ओळीत गुंडाळतात, माझं डोकंच फिरतं. 1928 ला क्लार्क नावाच्या त्यांच्याच परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की मन्रो हा अमेरिका विरुद्ध युरोप असा मामला, अमेरिका विरुद्ध लॅटिन अमेरिका असा नाही. त्यांना पटलं, आपल्या गाईडवाल्यांना नाही पटत.

हा रूझवेल्ट थिओडोर, 1933 मधला 'चांगला शेजारी' धोरणवाला तो फ्रँकलिन, ते दोघं तरी एक करू नका. आणि आबा, अमेरिकेच्या या फौजी स्वाऱ्यांना 'बनाना वॉर' म्हणतात, ते ऐकून आपली छाती फुगते ते ठीक आहे, पण डॉमिनिकनचा मुख्य माल तेव्हा साखर होता, केळी नाही.