कृत्रिम बुद्धिमत्ता शिक्षणातील प्रादेशिक भागीदारी

एखाद्या प्रदेशातील विद्यापीठांनी अध्यापक, संगणकयंत्रणा, माहितीसंच आणि श्रेयांक (अभ्यासाचे मोजमाप, म्हणजे क्रेडिट) आपसांत वाटून घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिक्षण चालविण्याची व्यवस्था. प्रदेश म्हणजे प्रांत, देश किंवा शेजारी देशांचा समूह. नुसता सामंजस्य करार किंवा पाहुण्यांची व्याख्यानमाला या संज्ञेत धरणे योग्य नव्हे. विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यापीठात केलेला अभ्यास त्याच्या स्वतःच्या गुणपत्रकावर उमटतो का, ही खरी कसोटी होय.

या व्यवस्थेच्या उगमाविषयी तीन मते संभवतात. १९५६ च्या डार्टमथ येथील उन्हाळी कार्यशाळेनंतर हा विषय बरीच वर्षे एमआयटी, स्टॅनफर्ड, कार्नेगी, एडिंबरो अशा मोजक्या ठिकाणीच शिकविला जात होता, कारण त्यासाठी लागणारी यंत्रे इतरांना परवडत नसत. १९७३-७४ च्या सुमारास स्टॅनफर्ड येथे ‘सुमेक्स-एम’ हे संगणककेंद्र सुरू झाले. तेथील पीडीपी-१० यंत्र अर्पानेट या इंटरनेटपूर्व जाळ्यासारख्या संगणकजाळ्यांवरून दूरच्या विद्यापीठांतील वैद्यकीय संशोधकांनाही वापरता येई आणि त्याची क्षमता स्टॅनफर्ड व बाहेरचे वापरकर्ते यांच्यात ठरवून वाटलेली असे. पहिल्या मतानुसार भागीदारीचा आरंभ इथे होतो. दुसरे मत तो युरोपात शोधते: विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची १९८७ ची इरॅस्मस योजना, तिच्यातून निघालेली श्रेयांक-हस्तांतरण पद्धती आणि देशोदेशींच्या पदव्यांची रचना जुळविण्याविषयीचा १९९९ चा बोलोन्या जाहीरनामा. तिसऱ्या मतानुसार कॅनडाने २०१७ मध्ये १२.५ कोटी डॉलरचे राष्ट्रीय धोरण आखून एडमंटन, माँट्रिऑल आणि टोराँटो येथील संस्थांना बळ दिले, तेव्हापासूनच ही कल्पना रूढ झाली. सुमेक्सचे वापरकर्ते मुख्यतः संशोधक होते. पदवीच्या अध्यापनाशी त्या यंत्राचा संबंध दूरचा. कॅनडातील धोरणाचा भरही आरंभी संशोधकांवरच होता. म्हणून प्रस्तुत नोंदीत दुसरे मत अधिक ग्राह्य मानले आहे. मात्र सामायिक यंत्राचा वेळ कोणाला किती, हा आजही सर्वांत चिवट असलेला प्रश्न सुमेक्सलाही सोडवावा लागला होता, हे पहिल्या मताच्या बाजूने नोंदविले पाहिजे.

सामायिक संगणककेंद्रात विद्यापीठांची कामे एका रांगेत लागतात. स्लर्मसारखी रांग-प्रणाली ‘न्याय्य वाटा’ या तत्त्वावर चालविली, तर ज्या खात्याने अलीकडे यंत्र जास्त वापरले त्याचा क्रम मागे जातो. संशोधनाला हे तत्त्व मानवते, अध्यापनाला जाचते. एखाद्या संशोधकगटाने आठवडाभर एखादे प्रारूप (मॉडेल) प्रशिक्षित केले आणि शिकणारा वर्गही त्याच खात्यावर असला, तर गृहपाठाच्या आदल्या रात्री साठ विद्यार्थ्यांची दहा-दहा मिनिटांची कामे ताटकळत राहतात. अध्यापनाचे खाते वेगळे ठेवणे, प्रात्यक्षिकाच्या तासांपुरते आरक्षण करणे आणि एका कामाला वेळेची मर्यादा घालणे हे उपाय साधे असले तरी करारात आधी लिहिलेले बरे. २०२० मध्ये आलेले एनव्हीडिया कंपनीचे ए१०० हे गणनाकार्ड जास्तीत जास्त सात स्वतंत्र भागांत विभागता येते. छोट्या प्रात्यक्षिकांना असा एक भाग अनेकदा पुरतो.

वेळापत्रकाची अडचण दुहेरी आहे. श्रेयांक सहज हलावेत यासाठी सर्व विद्यापीठांची सत्रे एकाच वेळी सुरू झालेली हवीत; पण यंत्रावरचा भार विभागला जावा यासाठी ती थोडी मागेपुढे असलेली सोयीची. युरोपीय पद्धतीत एका वर्षाला ६० श्रेयांक आणि प्रत्येक श्रेयांकामागे साधारण २५ ते ३० तासांचे काम धरतात. प्रशिक्षण चालू असताना यंत्र राबते, विद्यार्थी वाट पाहतो. ते तास धरायचे की नाही, हे अभ्यासमंडळांनी स्पष्ट ठरवायला हवे.

कसोटीला उतरणारे ठळक उदाहरण स्पेनमधील कातालुन्या प्रांतातले आहे. तेथे बार्सिलोनातील दोन आणि तारागोनातील एक अशी तीन विद्यापीठे मिळून कृत्रिम बुद्धिमत्तेची एकच पदव्युत्तर पदवी देतात. स्वीडनमध्ये २०१५ पासून वॉलेनबर्ग प्रतिष्ठानाच्या निधीतून चाललेल्या ‘वास्प’ कार्यक्रमात वेगवेगळ्या विद्यापीठांतील पीएच.डी.चे विद्यार्थी सामायिक अभ्यासक्रम घेतात. आफ्रिकेत अध्यापकांच्या तुटवड्यावर वेगळा तोडगा निघाला. केप टाउनजवळ २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘एम्स’ या गणितसंस्थेत जगभरातून आलेले अध्यापक साधारण तीन आठवड्यांत एकेक विषय शिकवून जातात. याच संस्थेच्या रवांडातील किगाली केंद्रात २०१८ मध्ये यंत्रबुद्धिमत्तेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला.

जोहान्सबर्ग येथे २०१७ मध्ये पहिल्यांदा भरलेली ‘डीप लर्निंग इंदाबा’ आणि २०१९ मध्ये उरुग्वेतील माँतेव्हिदेओ येथे भरलेली ‘खिपू’ या अल्पकालीन खंडव्यापी शाळांना वरील कसोटी लावली तर त्या भागीदारीत बसत नाहीत. तरीही त्यांना वगळणे अन्यायाचे ठरेल. जिथे विद्यापीठागणिक या विषयाचे एक-दोनच अध्यापक असतात, तिथे त्यांना एकमेकांचे अभ्यासक्रम आणि प्रश्नसंच पाहायला मिळण्याची जागा बहुधा हीच असते.