धुकं वजा करायचं तर आधी काळं शोधा

फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर अपडेट झालं की आमच्या दापोलीकडे पहिला प्रयोग ठरलेला. हर्णै बंदरावरून काढलेला सुवर्णदुर्गाचा धुरकट फोटो उघडायचा आणि ‘डीहेझ’चा, म्हणजे धुकं काढायचा, स्लायडर उजवीकडे ओढायचा. बुरूज उठून दिसतात आणि कुणीतरी म्हणतंच, “एआयला धुक्यापलीकडचं दिसतं!”

तसं काही नाही. फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबीने हा स्लायडर आणला २०१५ साली. धुकं काढायची मला सर्वांत देखणी वाटणारी युक्ती त्याहून जुनी, २००९ची: कायमिंग हे, जियान सुन आणि श्याओऊ तांग या तिघांची. तीत न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं एआय, नाही. शाळेतली वजाबाकी आणि भागाकार आहे.

समुद्रावरच्या हवेत मिठाचे बारीक कण असतात. दमट हवेत ते पाणी ओढून फुगतात आणि उन्हाचा प्रकाश चहूकडे विखुरतात. म्हणून कॅमेऱ्यात दोन प्रकाश शिरतात: एक किल्ल्याकडून निघून वाटेत रोडावलेला, दुसरा मधल्या हवेने भर घातलेला पांढरट. मूळ रंग म, त्यातला टिकलेला वाटा ट आणि धुक्याचा रंग ध धरला, तर फोटोतला रंग = म × ट + ध × (१ − ट). समीकरण एक, अज्ञात तीन. गाडी इथेच अडते.

ती सुटते काळ्यामुळे. स्वच्छ हवेतल्या फोटोचा, आकाश सोडून, कुठलाही १५ × १५ पिक्सेलचा तुकडा घ्या. लाल, हिरवा, निळा यांपैकी एखादा रंग त्यात कुठेतरी शून्याजवळ असतोच. तांबड्या चिऱ्याच्या भिंतीत निळा नसल्यातच जमा, होडीच्या सावलीत तिन्ही कमी. या तिघांनी असे ५,००० फोटो तपासले, तेव्हा हे किमान मूल्य सुमारे ७५ टक्के ठिकाणी चक्क शून्य निघालं! आता धुक्यात त्याच भिंतीचा निळा (० ते २५५च्या मापात) १०० भरला, तर ते १०० भिंतीचे नव्हेत, धुक्याचे. फोटोतल्या सर्वांत दाट धुक्यावरून ध ठरवतात; तिथला निळा २०० असेल तर १०० = २०० × (१ − ट), म्हणजे १ − ट = ०.५. धुक्याचा वाटा वजा करा, उरलेल्याला ०.५ने भागा, चिऱ्याची लाली परत. शिवाय लांबच्या वस्तूचा ट लहान, म्हणून कोण किती दूर याचा नकाशा फुकटात मिळतो.

फसगत होते ती फेसापाशी. लाट फुटते तिथे काळं काहीच नसतं, गणिताला ते दाट धुकंच वाटतं आणि शुभ्र फेस मळकट होतो. चुना लावलेल्या देवळाचंही तेच. अशा जागा मास्कने, म्हणजे तेवढा भाग झाकून, वगळाव्यात. फार दूर ट ०.१वर आला की सगळंच दहापट होतं, सेन्सरचा खरखरीतपणासुद्धा. त्यातून उमटलेले डाग मग ‘किल्ल्यावर दिसलेली आकृती’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. भूतबीत काही नाही, भागाकाराचा कचरा आहे तो.

२०२३मध्ये फोटोशॉपमध्ये आलेलं एआयचं ‘जनरेटिव्ह फिल’ मात्र वेगळं. ते फोटोत नसलेलं अंदाजाने रंगवतं. सुवर्णदुर्गाच्या तटाला खिडकी हवी असेल तर तीही मिळेल, हवं तर पडद्यासकट.