डोळे अंधाराला सरावतात म्हणजे नेमकं काय होतं?

वीज गेली की घरात कुणीतरी म्हणतंच, 'थांब जरा, डोळे सरावू देत.' सरावतात म्हणजे काय होतं, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: बाहुल्या मोठ्या होतात. होतात खऱ्या, पण ते काम काही सेकंदांतच बरंचसं उरकतं. भर उजेडात 2 मिलिमीटरची बाहुली अंधारात फार तर 8 मिलिमीटर होते. म्हणजे आत शिरणारा उजेड सोळा पट वाढला. वय झाल्यावर तेवढंही नाही.

खरी करामत डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) चालते, आणि ती सावकाश. तिथल्या शंकूपेशी रंग ओळखतात. त्यांची मजल दहाएक मिनिटांत संपते. मग खेळ मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींचा. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन हे उजेड टिपणारं रंगद्रव्य उजेडात विघटतं आणि अंधारात पुन्हा तयार होतं. त्यासाठी अ जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो. साठा पुरता भरायला अर्धा-पाऊण तास जातो, पण तोवर पडदा हजारो पटींनी तल्लख झालेला असतो. सोळा पट कुठे आणि हे कुठे!

पटत नसेल तर घरीच करून पाहा. दिवा चालू असताना एक डोळा तळहातानं वीस मिनिटं झाकून ठेवा. (कंटाळा येतो, रेडिओ लावा.) मग दिवा घालवून हात काढा आणि आळीपाळीनं एकेक डोळा मिटून बघा. उघड्या राहिलेल्या डोळ्याला मिट्ट काळोख. झाकलेल्याला मात्र कपाटाची कड, खुर्चीवर टाकलेला टॉवेल दिसतो. बाहुल्या दोन्हीकडे सारख्याच, कारण त्या जोडीनंच आकसतात आणि पसरतात. पडदा मात्र ज्याचा त्याचा.

म्हणूनच आकाशदर्शनाला गेल्यावर कुणी मोबाइल उघडला की जुनेजाणते चिडतात. बाहुली पुन्हा चटकन मोठी होईल, पण अर्ध्या तासाची कमाई गेली ना! ते स्वतः लाल कागद लावलेली बॅटरी वापरतात. गडद लाल उजेड दंडपेशींना जवळजवळ जाणवतच नाही. देवयानी दीर्घिकेचा धुरकट ठिपका दाखवताना ते म्हणतात, 'थेट बघू नका, किंचित बाजूला बघा.' रोखून पाहिलं की ठिपका विझतो, नजर सरकवली की परत उमटतो. कारण नजरेच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच, बाहुली कितीही मोठी झाली तरी.