कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळीत ‘टिकणं’ म्हणजे काय?

बाप्तिस्म्याची तारीख बहुतेक ख्रिस्ती घरांत तोंडपाठ असते. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांची नोंद कुठल्याच वहीत नसते. कोल्हापुरात विश्वासात टिकण्याची गोष्ट निघते, ती खरं तर याच वर्षांची.

अमेरिकन मिशनरी रॉयल गोल्ड वायल्डर 1852 साली इथे आले. पुढे अमेरिकेतल्या आपल्या मिशनरी मंडळाशी त्यांचा खटका उडाला आणि मंडळाने इथलं काम सोडलं. हा माणूस मात्र परत आला आणि स्वतःच्या हिमतीवर मिशन चालवत राहिला. 1870 मध्ये प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळाने ते हाती घेतलं.

त्यांच्याबरोबर एक शिकवणही आली. या पंथाची श्रद्धा मांडणाऱ्या 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राचं 17 वं प्रकरण म्हणतं, देवाने ज्याला धरलं तो कायमचा गळून पडत नाही. मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाला हे मान्य नाही. त्यांच्या मते माणूस ढळू शकतो. हा वाद इथल्या बाकांवर कुणी घातलेला मी तरी ऐकलेला नाही. मराठी बायबलात ‘धीर’ म्हटलंय, तिथला मूळ ग्रीक शब्द ‘हुपोमोने’, म्हणजे ओझ्याखालून न सरकणं. तो मात्र कुणी समजावून सांगावा लागत नाही.

कारण ओझं सरकारी कागदांतूनच येतं. याच गावात शाहू महाराजांनी 1902 साली मागासवर्गीयांसाठी 50 टक्के नोकऱ्या राखल्या. 1915 मध्ये इथे इंडियन ख्रिश्चन होस्टेलही निघालं. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेले दलित बाहेरच राहिले. त्यामुळे मुलाचा अर्ज भरताना धर्माच्या रकान्यापाशी पेन थांबतं. काहींनी चर्चमध्ये एक आणि दाखल्यावर एक असं निभावून नेलं. त्यांना कच्च्या विश्वासाचे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिष्यवृत्ती बुडाली की घर चालवणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत.

आणि तरी मंडळी उरली. त्यात प्रवचनांपेक्षा गाण्यांचा वाटा मोठा असावा. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन या आपल्याच रिवाजांतून ख्रिस्ताचं गाणं केलं. परदेशी चालींवर बेतलेली गीतं रविवारपुरती राहायची. अभंग भाकरी थापतानाही ओठावर येतो. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला मग पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, वाट बघावी लागत नाही.

अजूनही पेटीने सूर धरला की पुढच्या बाकावरच्या आजी ‘उपासना संगीत’ उघडत नाहीत. खाकी कव्हर घातलेलं पुस्तक नुसतं मांडीवर असतं. शेजारी नातू मोबाइलवर गीत क्रमांक शोधत असतो, आणि त्याला तो सापडेपर्यंत आजी दुसऱ्या कडव्यावर पोचलेल्या असतात.